जैवसुसंगत पदार्थ

शरीरात बसवल्यावर घातक प्रतिक्रिया न घडवता नेमलेले काम करणाऱ्या पदार्थाला जैवसुसंगत म्हणतात. मात्र हा पदार्थाचा केवळ अंगभूत गुण मानणे चुकीचे आहे. जागा, आकार आणि ताण बदलले की निकालही बदलतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकाराने घडलेली कृत्रिम हृदयझडप हा त्याचा ठोस पुरावा होय. टायटॅनियम हाडाशी उत्तम जुळते. झडपेच्या चौकटीत मात्र ते घर्षणाने झिजले. कृत्रिम नीलमण्याची चकती अत्यंत कठीण, तरी ती चाचणीत फुटली. अखेर कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूची चौकट, अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची चकती आणि टाके घालण्यासाठी पॉलिएस्टरचे कडे ही जुळणी टिकली. डिसेंबर १९९० मध्ये ही झडप प्रथम रुग्णाला बसवण्यात आली.

अशा रोपणांच्या चाचणीबाबत, पेशींवरील चाचण्या पुरेशा असताना प्राण्यांवर प्रयोग कशाला, हा आक्षेप गंभीर आहे. विषारी पदार्थ पेशीसंवर्धनातच वगळता येतात, आणि प्राण्यांचे हाल कमी करण्यासाठी ती पायरी आधीच यायला हवी. परंतु हृदय वर्षाला सुमारे ३.७ कोटी वेळा धडधडते. धातूचा थकवा यंत्रावरील वेगवान चाचणीत दिसतो. पण वाहत्या रक्तात गुठळी होईल का, हे स्थिर पेशी सांगत नाहीत; त्यासाठी प्राण्यांवरील प्रयोग लागतात. यंत्र आणि प्राणी दोन्हीही अपुरे ठरू शकतात : ब्यॉर्क-शायली झडपेच्या एका प्रकारात कार्बनची चकती रक्ताला मानवली, पण वेल्डिंग केलेली धातूची दांडी रुग्णांच्या हृदयात तुटली आणि १९८६ मध्ये ती झडप बाजारातून काढावी लागली. म्हणूनच रोपणानंतर वर्षानुवर्षे रुग्णांची नोंद ठेवणे हा चाचणीचाच भाग आहे.