हर्क्युलीसची अंगाई आणि गोठ्यातलं बाळ

नाताळच्या वृंदगानाचा इतिहास सांगताना आपण बाखच्या 'ख्रिसमस ऑरेटोरियो'पाशी आलो आहोत. आज त्यातल्या एकाच गोष्टीपाशी थांबू, कारण ती आम्हाला बरीच वर्षं छळते आहे.

आधी प्रसंग डोळ्यांसमोर आणू या. लाइपझिग, १७३४. नाताळआधीच्या आगमनकाळात, दुसऱ्या रविवारपासून, तिथल्या चर्चमध्ये वाद्यवृंदासह गायन बंद असे. आणि मग २५ डिसेंबरला एकदम दुंदुभी! आधी नुसत्या दुंदुभी, मागून बासऱ्या, तुताऱ्या, आणि मग थॉमस शाळेच्या मुलांचा वृंद. ६ जानेवारीपर्यंत सहा दिवशी सहा भाग. हल्ली आपण ते एका बैठकीत ऐकतो. त्या लोकांना ते पुरवून पुरवून मिळत होतं.

पण हेच दुंदुभींचं वृंदगान वर्षभर आधी, ८ डिसेंबर १७३३ ला, सॅक्सनीच्या इलेक्टरची पत्नी मारिया योझेफा हिच्या वाढदिवसाला होऊन गेलं होतं. तेव्हाचे शब्द दुंदुभींना 'वाजा' म्हणून सांगणारे. बाखने नव्या कामाच्या हस्तलिखितात सवयीने आधी तेच शब्द लिहिले आणि मग खोडले. ती खाडाखोड आजही दिसते.

अंगाईचं प्रकरण त्याहून अवघड. सप्टेंबर १७३३ मध्ये राजपुत्राच्या वाढदिवसासाठी बाखने दुवाट्यावर उभ्या असलेल्या हर्क्युलीसची कथा रचली होती. एका बाजूला सद्गुण, दुसऱ्या बाजूला विषयसुख. विषयसुख त्याला भुलवायला अंगाई गातं. तीच चाल ऑरेटोरियोच्या दुसऱ्या भागात गोठ्यातल्या बाळाला मिळाली! पट्टी खाली आली, सोप्रानोच्या जागी आल्टो आला, आणि बासरी वरच्या सप्तकातून त्याच्यासोबत चालू लागली.

एका विद्यार्थिनीने आम्हाला वर्गात विचारलं होतं, "सर, मग ही भक्ती, की नुसतं लेबल बदललं?" आम्ही म्हणालो, राजपुत्राचा तो वाढदिवस एकदाच येतो, नाताळ दरवर्षी, चांगलं संगीत पडून का राहावं? खरं आहे, पण ते हिशेबाचं उत्तर झालं. आपल्याकडे नाटकाच्या पदावर 'चाल : अमुक' असं छापलेलं असतंच, त्याने पद काही बाटत नाही.

पुढे आम्ही असं मांडू लागलो की सुरांना फक्त झोप कळते. हर्क्युलीसला झोप म्हणजे धोका, बाळाला झोप म्हणजे विसावा. पावित्र्य ठरतं ते कोण कुणासाठी गातो यावरून.

पण ही उपपत्ती एका ठिकाणी लंगडते. हर्क्युलीस विषयसुखाला झिडकारतो, त्या गाण्याची चाल पहिल्या भागात येशूच्या स्वागताच्या तयारीला दिली आहे. नकाराच्या सुरांवर स्वागत! व्हायोलिनला ओबो दामोरेची जोड आहे, चाल मात्र तीच. इथे आमच्याकडे उत्तर नाही, आणि ते आपण मान्य करू या.

त्या गाण्यानंतर लगेच जे स्तोत्र येतं, त्याची चाल हास्लरच्या १६०१ च्या प्रेमगीताची. तिच्यावर लोक ख्रिस्ताच्या यातनांचं स्तोत्र म्हणत आले होते. बाखने तीच चाल सहाव्या भागाच्या अखेरीस, ६ जानेवारीला, तुताऱ्या-दुंदुभींच्या गजरात पुन्हा आणली आहे. ध्वनिमुद्रण लावतो, आधी पहिल्या भागातलं ऐकू, मग हे.