औषधांची पेटंटे, जागतिक व्यापार आणि औषधोपचाराचा हक्क : मुंबई पेटंट कार्यालयातील दोन निर्णय व नंदुरबारचा संदर्भ

प्रस्तावना

औषधाची किंमत केवळ बाजारात ठरत नाही. ती कायद्यात आणि राष्ट्राराष्ट्रांतील करारांतही ठरते. नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यात जिनिव्हा येथील व्यापारविषयक तंट्यांचा उल्लेख दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सातपुड्यातील रुग्णाच्या हाती पडणाऱ्या गोळीच्या मागे या तंट्यांचा दीर्घ इतिहास उभा आहे. पेटंट कायद्यातील लोकहिताच्या तरतुदी मुंबईत दोन प्रसंगी कशा कसोटीला लागल्या, आणि त्यांचा या जिल्ह्याशी कोणता संबंध पोहोचतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१९७० चा कायदा व त्याची पार्श्वभूमी

स्वातंत्र्यानंतरही १९११ चा वसाहतकालीन पेटंट कायदा देशात लागू होता. न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये सादर केलेल्या अहवालात असे दाखवून दिले की, भारतातील बहुतांश पेटंटे परकीयांच्या मालकीची असून त्यांपैकी फारच थोड्यांचा वापर देशात प्रत्यक्ष उत्पादनासाठी होतो. या अहवालाच्या आधारे १९७० चा पेटंट कायदा झाला व तो २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. औषधी पदार्थावर पेटंट न देता केवळ ते तयार करण्याच्या प्रक्रियेवर पेटंट द्यावे, हे या कायद्याचे मर्म होते. त्यामुळे वेगळ्या प्रक्रियेने तेच औषध बनविण्याची मुभा देशी कंपन्यांना मिळाली. १९३५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सिप्ला कंपनीने या मुभेचा पुरेपूर उपयोग केला. २००१ मध्ये या कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा एकत्रित उपचार प्रतिरुग्ण वर्षाला ३५० डॉलर इतक्या किमतीत एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय सेवा संस्थेस देऊ केला. त्यापूर्वी याच उपचारासाठी पाश्चात्त्य देशांत वर्षाला सुमारे दहा हजार डॉलर वा त्याहून अधिक खर्च येत असे.

ट्रिप्स करार व भारतावरील दबाव

१ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि तिच्यासोबत बौद्धिक संपदाविषयक ट्रिप्स करारही लागू झाला. औषधी पदार्थांवर पेटंट देण्यासाठी भारतास २००५ पर्यंत मुदत मिळाली. परंतु मधल्या काळात येणारे अर्ज स्वीकारून जपून ठेवण्याची व्यवस्था तत्काळ करणे बंधनकारक होते. ही व्यवस्था भारताने केली नाही, अशी तक्रार अमेरिकेने १९९६ मध्ये केली. डिसेंबर १९९७ मध्ये अपील मंडळाचा निर्णय भारताच्या विरोधात गेला व जानेवारी १९९८ मध्ये त्यास मान्यता मिळाली. त्याच वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा निर्माण झाला. म्हणजेच या जिल्ह्याची संपूर्ण वाटचाल नव्या पेटंट व्यवस्थेच्या छायेतच झाली आहे.

नोव्हेंबर २००१ मधील दोहा घोषणेने मात्र सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणासाठी सक्तीचे परवाने देण्याचा सदस्य राष्ट्रांचा अधिकार स्पष्ट शब्दांत मान्य केला. २००५ च्या दुरुस्तीने भारतात औषधी पदार्थांवर पेटंट पुन्हा सुरू झाले. त्याच वेळी संसदेने कलम ३(डी) अन्वये ज्ञात औषधाच्या किरकोळ बदललेल्या रूपास पेटंट नाकारले आणि पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणाही व्यक्तीस हरकत घेण्याचा हक्क कायम ठेवला. १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिस कंपनीच्या कर्करोगावरील औषधाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम ३(डी)चा अर्थ रुग्णहिताच्या बाजूने लावला.

मुंबईतील दोन निर्णय

पहिला निर्णय ९ मार्च २०१२ चा. यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब या बायर कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपये होता. तत्कालीन पेटंट महानियंत्रक पी. एच. कुरियन यांनी नॅटको या देशी कंपनीस देशातील पहिला सक्तीचा परवाना दिला व महिन्याची किंमत ८,८८० रुपये ठरविली. बायरला विक्रीवर सहा टक्के स्वामित्वधन मिळावे, असाही आदेश होता. अपिलात ते सात टक्के झाले. जुलै २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा परवाना कायम ठेवला.

दुसरा निर्णय क्षयरोगासंबंधी आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरील बेडाक्विलिन हे सुमारे चार दशकांनंतर आलेले नव्या गटातील औषध. त्याच्या मूळ पेटंटची मुदत जुलै २०२३ मध्ये संपत होती. परंतु त्याच्या एका क्षाररूपावर नवे पेटंट मिळवून मक्तेदारी २०२७ पर्यंत वाढविण्याचा जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचा प्रयत्न होता. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी २०१९ मध्ये त्यास हरकत घेतली. जुन्या औषधोपचाराच्या दुष्परिणामाने या दोघींचीही श्रवणशक्ती गेली होती. २३ मार्च २०२३ रोजी मुंबई पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. पहिल्या प्रकरणात एक कंपनी दुसऱ्या कंपनीविरुद्ध उभी होती. दुसऱ्यात रोगातून बऱ्या झालेल्या दोन स्त्रियांनी कायद्याने दिलेला नागरिकाचा हक्क बजावला. हा फरक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

नंदुरबारचा संदर्भ

राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत क्षयरोगाची औषधे विनामूल्य मिळतात. मग किमतीशी नंदुरबारच्या रुग्णाचा संबंध काय, असा प्रश्न उद्भवतो. त्याचे उत्तर असे की, रुग्ण देत नसलेली किंमत शासनाची तिजोरी देते. मक्तेदारीमुळे औषध महाग राहिले, तर तेवढ्याच निधीत कमी रुग्णांपर्यंत ते पोहोचते.

तथापि पेटंट हा एकमेव अडथळा मानणेही चुकीचे ठरेल. जिल्ह्यातील आदिवासी समाजात सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. त्यावर उपयुक्त असलेले हायड्रॉक्सियुरिया हे औषध जुने व पेटंटमुक्त आहे. येथे उणीव आहे ती वेळेवर रक्ततपासणीची, नियमित देखरेखीची आणि अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील दुर्गम पाड्यांपर्यंत पोहोचण्याची. नर्मदाकाठच्या गावांसाठी याच जिल्ह्यात तरंगत्या दवाखान्याची योजना करावी लागली, यावरून या अडचणीचे स्वरूप लक्षात येते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, १९७० चा कायदा, दोहा घोषणा आणि २००५ च्या दुरुस्तीतील तरतुदी यांनी औषध स्वस्त होण्याची वाट मोकळी ठेवली; पण त्या तरतुदींचा वापर कोणीतरी केला तेव्हाच त्यांना अर्थ आला. कायद्यातील हक्क न बजावल्यास तो कागदावरच राहतो आणि स्वस्त झालेले औषध पाड्यावर न पोहोचल्यास ते कोठारातच राहते. म्हणून औषधोपचाराच्या हक्काचा इतिहास लिहिताना न्यायालय व पेटंट कार्यालय यांच्या बरोबरीने प्राथमिक आरोग्य केंद्राचाही इतिहास लिहिला गेला पाहिजे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, अर्थशास्त्र व विज्ञान विभागांना एकत्रितपणे हाती घेता येण्याजोगे हे कार्य आहे.