गुरू चुकला तर?

आचार्याला देव माना, हे आपल्याला लहानपणापासून पाठ असतं. गुरुपौर्णिमेच्या एकाही भाषणातून ते सुटत नाही. पण हा उपदेश ज्या तैत्तिरीय उपनिषदात आहे, तिथे लगेच पुढे आचार्य शिष्याला आणखी एक गोष्ट बजावतात: आमचं जे वागणं चांगलं असेल तेवढंच घ्या, बाकीचं घेऊ नका. चौतीस वर्षं शाळेत काढली, पण हे पुढचं वाक्य मी एकाही भाषणात ऐकलं नाही. गुरूही चुकू शकतो, हे गृहीत धरणारं वाक्य गुरूंनीच सांगून ठेवलेलं, आणि आपण नेमकं तेच गाळलं!

गुरू चुकला तर शिष्यांनी आणि संस्थेनं करायचं काय? यावर विचार करताना मला अमेरिकेतल्या कृपालू आश्रमाची हकिकत आठवते.

अमृत देसाई हे मूळचे गुजरातचे, हालोलचे. तरुणपणी त्यांना स्वामी कृपाल्वानंद गुरू म्हणून लाभले. १९६० साली ते कला शिकायला अमेरिकेत गेले आणि तिथे योग शिकवू लागले. १९७२ मध्ये पेनसिल्व्हेनियात आश्रम निघाला, १९८३ मध्ये तो मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्स गावी, जेझुइट पाद्र्यांच्या जुन्या इमारतीत गेला. शेकडो माणसं तिथे राहायला आली. बहुतेक सगळे सुशिक्षित अमेरिकन. स्वयंपाक, साफसफाई, शिकवणं, सगळं बिनपगारी, सेवा म्हणून. साधं राहायचं, ब्रह्मचर्य पाळायचं आणि गुरुदेवांचा शब्द मानायचा.

१९९४ साली बाहेर आलं की शिष्यांना ब्रह्मचर्य शिकवणाऱ्या, स्वतः विवाहित असलेल्या गुरुदेवांचे काही शिष्यांशीच शरीरसंबंध होते. त्यांनी ते कबूल केलं. कुणी म्हणेल, दोन्ही माणसं सज्ञान, मग तक्रार कसली? पण जिथे जेवणखाण, राहणं, मनःशांती आणि मोक्षाची वाटसुद्धा एकाच माणसाच्या हातात असते, तिथे शिष्येच्या 'हो' म्हणण्याला कितीसा अर्थ उरतो? शिक्षकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पुढे जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्यांनी आश्रम उभा केला त्यांनाच आश्रम सोडायला सांगण्यात आलं, आणि त्यांनी राजीनामा दिला. अनेकांची आयुष्याची उमेदीची वर्षं तिथे गेली होती. कित्येकजण निघून गेले. माजी आश्रमवासीयांनी दावा लावला आणि संस्थेला पंचवीस लाख डॉलरांच्या आसपास भरपाई द्यावी लागली. इतकं होऊनही संस्था बुडाली नाही. तिनं पुन्हा कुणाला गुरूच्या गादीवर बसवलं नाही. कारभार विश्वस्तांकडे आला, काम करणाऱ्यांना पगार मिळू लागला आणि १९९९ मध्ये धार्मिक पंथाऐवजी शैक्षणिक संस्था म्हणून तिची नव्यानं घडी बसली. शिकवणारे अनेक झाले, आणि त्यांतला कुणीही प्रश्नांच्या वर राहिला नाही.

यावर आपल्याकडे सहज म्हटलं जातं, "ही सगळी पाश्चात्त्य पद्धत, आपल्या परंपरेत गुरूला जाब विचारत नाहीत." हे मात्र मला पटत नाही. एकत्र राहणारे साधक, त्यांना शिकवणारे थोर आणि त्यांना भिक्षा घालणारा समाज, हे सगळं बौद्ध भिक्षुसंघात होतंच. त्यांच्या विनयपिटकात या प्रश्नाचा किती बारकाईनं विचार केलाय ते पाहा.

शिष्य नीट वागत नसेल तर उपाध्यायानं त्याला दूर करावं, असं तिथे सांगितलंय. पण नीट वागणाऱ्याला दूर केलं तर तो उपाध्यायाचा दोष! शिष्यानं क्षमा मागितली तर ती द्यायची. आणि उपाध्यायाच्याच हातून मोठा अपराध घडला तर? तर संघानं त्याला योग्य ते प्रायश्चित्त द्यावं यासाठी शिष्यानं खटपट करायची. हे शिष्याचं कर्तव्य म्हणून सांगितलंय, गुरुद्रोह म्हणून नव्हे.

अपराधांच्या पायऱ्याही ठरलेल्या. भिक्षूनं शरीरसंबंध ठेवला तर तो संघातून कायमचा बाहेर. वासनेनं स्त्रीला स्पर्श केला तर प्रायश्चित्त, आणि अपराध जितके दिवस लपवला तितके दिवस 'परिवास'. त्या काळात बसायची जागा सगळ्यांच्या शेवटी, शिष्य करायचे नाहीत आणि नव्या येणाऱ्या प्रत्येक भिक्षूला आपला अपराध आपणच सांगायचा. त्यानंतर आणखी सहा दिवसांचं व्रत, आणि परत घ्यायचं तर किमान वीस भिक्षूंच्या संघानं. म्हणजे शिक्षा करतानाही परतीची वाट ठेवलेली, पण ती चारचौघांसमोरून जाणारी.

वर्षावास संपताना 'पवारणा' होई. प्रत्येक भिक्षू, अगदी ज्येष्ठातला ज्येष्ठसुद्धा, संघापुढे म्हणे की माझ्या वागण्यात काही पाहिलं, ऐकलं किंवा शंका आली असेल तर सांगा. श्रावस्तीला अशाच एका प्रसंगी खुद्द बुद्धांनी जमलेल्या भिक्षूंना आपल्यात काही दोष दिसतो का, असं विचारल्याचं संयुत्तनिकायात आहे. ज्यांना विचारण्याची कुणाची छाती झाली नसती, त्यांनीच आपण होऊन विचारलं!

शाळेत असताना एक वाक्य मी फार ऐकलं: "शाळेचं नाव खराब होईल, आपसात मिटवा." मिटायचं काय, तर तक्रार करणाऱ्या मुलीचं शाळेत येणं. ज्याच्याबद्दल तक्रार असे तो दुसऱ्या दिवशी फळ्यापुढे उभाच. नाव सांभाळण्याच्या नादात आपण कुणाला सांभाळत नाही, हे बैठकीत कुणी बोलत नसे.

अलीकडचं एक उदाहरण आपल्या पुण्याशी जोडलेलं आहे. अय्यंगार योगाच्या अमेरिकेतल्या संघटनेकडे एका अतिशय ज्येष्ठ शिक्षकाबद्दल तक्रारी आल्या. त्यांची चौकशी बाहेरच्या, स्वतंत्र व्यक्तीकडे दिली गेली. २०१९ मध्ये तिच्या अहवालात तक्रारी विश्वासार्ह ठरल्या आणि पुण्याच्या संस्थेनं त्या शिक्षकाचं प्रमाणपत्र काढून घेतलं. चाळीस वर्षांची शिष्यपरंपरा आड आली नाही. तक्रार करणाऱ्या बायकांना मात्र त्यासाठी फार वाट पाहावी लागली, हेही खरंच.

मला वाटतं, गुरूवर श्रद्धा जरूर असावी. पण तक्रार कुणाकडे करायची, चौकशी कुणी करायची आणि तोवर वर्ग कुणी घ्यायचा, हे गुरू चांगला असतानाच ठरवून ठेवायला हवं. चांगल्या गुरूचं त्यात काहीच जात नाही. उलट, असा नियम करायला तो सगळ्यात आधी सही करील.