शब्दवेध : टेकाम

गडचिरोलीतल्या धानोऱ्याच्या बाजारात मडावी, उसेंडी, हलामी, नरोटे ही आडनावं सतत कानावर पडतात. ही गोंडांची कुळनावं. अशाच टेकाम या कुळनावाचं मूळ मला फार देखणं वाटतं.

गोंडीत सागाला ‘टेका’ म्हणतात. तेलुगूत ‘टेकु’, तमिळ-मल्याळममध्ये ‘तेक्कु’. गोंडी याच द्राविडी घराण्यातली. मलबारच्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांनी हा शब्द उचलला, त्याचा ‘तेका’ केला आणि पुढे इंग्रजीत ‘टीक’ झाला. जगभरच्या लाकूडबाजारात चालणारा शब्द आणि गडचिरोली-चंद्रपूरचं हे कुळनाव एकाच मुळाची. मराठी ‘साग’ मात्र संस्कृत ‘शाक’कडून आला.

मरकाम म्हणजे आंब्याचं कुळ, इरपाची मोहाचं. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या 1916च्या ग्रंथात ही यादी दिली आहे. ज्या झाडाचं वा प्राण्याचं नाव कुळाला, त्याला इजा करायची नाही, अशी जुनी रीत. सागवानासाठी इंग्रजांनी इथली जंगलं राखीव केली, त्याच्या कितीतरी आधी सागाला असे नातेवाईक होते!

आडनाव एक म्हणजे नातं असतंच असं नाही. इटलीत सर्वाधिक आढळणारं ‘रोस्सी’ हे आडनाव कुणा पूर्वजाच्या तांबूस केसांवरून वा वर्णावरून पडलं. टेकामांचा पसाराही मोठा, विदर्भापासून मध्य प्रदेश, छत्तीसगढपर्यंत आहे. पण रोस्सी-रोस्सींचं लग्न खुशाल जुळतं, टेकाम-टेकामांचं नाही. गाव कितीही दूर असो, ते भाऊबंदच. सोयरीक जुळवताना म्हातारी माणसं आधी कुळ विचारतात, मग ते कुळ किती देव पूजतं ते: चार, पाच, सहा की सात. देवांची संख्या सारखी निघाली, की बोलणी तिथंच थांबतात.