शारदेच्या प्रेक्षकांपुढे सबरीना

हॉलिवूडच्या सुवर्णकाळातील प्रेमविनोदी चित्रपटांविषयी आदराने बोलण्याचा प्रघात आहे आणि तो आम्हीही पाळत आलो आहोत. लुबिच, काप्रा, हॉक्स, वाइल्डर ही नावे घेताना आवाज आपोआप खाली येतो. परंतु आदर वाटणे वेगळे आणि हसू येणे वेगळे. यांतले काही चित्रपट सोलापुरात बसून पाहताना आजही ताजे वाटतात. काही मात्र, तेवढ्याच कसबाने केलेले असूनही, पार निवून गेलेले वाटतात. रचना चोख असते, संवाद धारदार असतात, नायिका लोभस असते, आणि तरी तासाभराने लक्षात येते की खोलीत कोणीच हसलेले नाही.

याची दोन उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले भाषेचे. ते निदान सोलापूरकराला तरी देऊ नये. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू या चारही भाषा ज्या गावाच्या बाजारात एकमेकींच्या अंगावरून जातात, तेथे शब्द निसटला तरी चेहऱ्यावरून विनोद ओळखण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. दुसरे उत्तर काळाचे: जुना चित्रपट शिळा होणारच. पण मग फ्रँक काप्राचा १९३४ सालचा 'इट हॅपन्ड वन नाइट' अजून कसा टिकतो, आणि त्याच्यानंतर वीस वर्षांनी आलेला बिली वाइल्डरचा 'सबरीना' त्याच्याआधी म्हातारा कसा होतो?

'सबरीना'चे कथानक सर्वांना ठाऊक असेल. कोट्यधीश घराण्याच्या मोटारचालकाची मुलगी पॅरिसहून पाककला शिकून, वेशभूषा बदलून परत येते. धाकटा भाऊ तिच्यावर भाळतो, आणि त्याला तिच्यापासून दूर करायला निघालेला थोरला भाऊ स्वतःच गुंततो. हा थोरला भाऊ म्हणजे हम्फ्री बोगार्ट. त्याचा जन्म १८९९ चा, ऑड्री हेपबर्नचा १९२९ चा. तीनच वर्षांनी वाइल्डरने 'लव्ह इन द आफ्टरनून' काढला. त्यात हेपबर्न अठ्ठावीस वर्षांची, आणि तिचा नायक गॅरी कूपर छप्पन्न वर्षांचा. कूपरचे वय दिग्दर्शकालाही टोचत असावे, कारण अनेक दृश्यांत त्याचा चेहरा सावलीत ठेवलेला आहे. शेवटी तो त्या मुलीला धावत्या आगगाडीत उचलून घेतो, आणि अमेरिकेतील प्रतीत तिच्या वडिलांच्या आवाजात पुस्ती जोडली जाते की त्यांचे लग्न झाले बरे का! नीतिरक्षकांचे समाधान करण्यासाठी जोडलेली ही पुस्ती ऐकून आम्हांला पहिल्यांदा हसू आले. जे अमेरिकन पहारेकऱ्यांना सोडवणूक वाटत होते, तेच मराठी प्रेक्षकाला संकट वाटते. त्या दोघांचे लग्न होऊ नये, हीच तर त्याची इच्छा!

याचे कारण शोधायला १८९९ पर्यंत मागे जावे लागते. योगायोगाने तेच बोगार्टचे जन्मवर्ष. त्या वर्षी गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले. जरठकुमारी विवाह हा त्याचा विषय. म्हातारा भुजंगनाथ, पैशापायी मुलगी विकायला निघालेला कांचनभट, दोहोंकडून दलाली खाणारा भद्रेश्वर दीक्षित आणि या तिघांच्या तावडीत सापडलेली शारदा. हे नाटक म्हणजे रडगाणे नव्हे, हे येथे मुद्दाम सांगायला हवे. त्यात विनोद भरपूर आहे आणि तो अव्वल दर्जाचा आहे. नवरदेव व्हायला उतावीळ झालेल्या म्हाताऱ्यावर महाराष्ट्राने पोटभर हसून घेतले. पण ते हसू त्या म्हाताऱ्यावर होते, त्याच्यासोबत नव्हते. पुढे १९२९ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. हरबिलास सारडांच्या नावाने ओळखला जाणारा तो 'सारडा कायदा' आपल्याकडे कित्येकांनी सरळ 'शारदा कायदा' करून टाकला. लोकांच्या तोंडी एखाद्या कायद्याला नाटकाच्या नायिकेचे नाव बसावे, यावरून ते नाटक किती खोल उतरले होते हे दिसते.

मग १९३७ मध्ये प्रभातचा 'कुंकू' आला. व्ही. शांताराम दिग्दर्शक, ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेला. केशवराव दाते यांनी साकारलेले काकासाहेब हे भुजंगनाथासारखे हास्यास्पद नाहीत. ते प्रतिष्ठित वकील आहेत, सभ्य आहेत. शांता आपटेची नीरा तरीही त्यांना नवरा मानायला साफ नकार देते, आणि चित्रपट तिच्या बाजूने ठाम उभा राहतो. अखेर काकासाहेबांनाच तिच्या वाटेतून दूर व्हावे लागते, तेही स्वतःचा जीव देऊन. म्हणजे म्हाताऱ्या वराकडे पाहण्याच्या दोनच रीती आम्हांला वारशाने मिळाल्या: त्याला हसावे, किंवा त्याची कीव करावी. तो नायक असू शकतो ही तिसरी रीत आमच्या नाट्यगृहात शिकवलीच गेली नव्हती. फिरत्या नाटक मंडळ्यांच्या मुक्कामांवर वाढलेल्या सोलापूरसारख्या गावातल्या प्रेक्षकापुढे बोगार्ट हॅट घालून येतो, तेव्हा भुजंगनाथाची सावली त्याच्याआधी पडद्यावर येऊन बसलेली असते.

कॅरी ग्रँटला हे कळले होते, असे म्हणावे लागेल. १९६३ च्या 'शराड'मध्ये हेपबर्नसमोर काम करताना आपल्या वयाचा संकोच वाटून त्याने संहिताच अशी बदलून घेतली की मुलगी त्याच्यामागे लागते आणि तो अंग चोरतो. चित्रपट वाचला. हिंदीवाल्यांनी आणखी सोपी वाट काढली. 'सबरीना'वरून बेतलेल्या १९९४ च्या 'ये दिल्लगी'त अक्षय कुमार आणि सैफ अली खान हे दोघेही भाऊ तरुणच ठेवले.

आमचे म्हणणे इतकेच की प्रेमविनोदी चित्रपट आपल्याला दोन तासांपुरते काहीतरी विसरायला सांगतो. कोणती गोष्ट विसरता येते, हे ज्याच्या त्याच्या इतिहासावर ठरते. 'द ऑफुल ट्रूथ' (१९३७) किंवा 'द फिलाडेल्फिया स्टोरी' (१९४०) यांत जोडपी घटस्फोट घेऊन पुन्हा एकमेकांकडे येतात. स्टॅन्ली कॅव्हेलने १९८१ मध्ये अशा चित्रपटांवर एक अख्खे पुस्तक लिहून त्यांना पुनर्विवाहाची सुखात्मिका म्हटले. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला १९४७ मध्ये. अनेक जातींत काडीमोड आणि पाट यांची रूढी होती, पण पांढरपेशा घरांत सुटकेची वाटच नव्हती. जे दार उघडतच नाही, त्यातून बाहेर पडून लटक्या रागाने पुन्हा आत येण्याची गंमत कोणाला कळणार? असो. हे चित्रपट आता आम्हांला आवडतात. कायद्याने त्यांचा विनोद आम्हांला मिळवून दिला, असे म्हणता येईल.

वाइल्डरवर मात्र अन्याय नको. त्याच वाइल्डरने १९६० मध्ये 'द अपार्टमेंट' केला, आणि तो सोलापुरात अजिबात पडत नाही. विमा कंपनीतला एक कारकून बढतीच्या आशेने आपल्या खोलीची किल्ली वरिष्ठांना देत राहतो. मोठ्या साहेबाने फसवलेली लिफ्टवाली मुलगी त्याच खोलीत झोपेच्या गोळ्या घेते. आणि कफल्लक कारकून तिला वाचवतो. आता शेजारी 'शारदा' ठेवून पाहा. वयाने मोठा, पैसेवाला पुरुष. जीव द्यायला निघालेली मुलगी. तिला थांबवून आपली म्हणणारा निष्कांचन तरुण कोदंड. जणू देवलांचेच नाटक न्यूयॉर्कच्या कचेरीत जाऊन बसले आहे! वाइल्डरने देवल वाचले असण्याचा संभव नाही, पण या वेळी हसू कोणाच्या वाट्याला द्यायचे हे त्याने बरोबर ओळखले.

'इट हॅपन्ड वन नाइट' का टिकतो, तेही यावरून उमगते. हा चित्रपट पैसा विसरायला सांगत नाही. मंदीचा काळ, बसचा प्रवास, खिशातली मोजकी नाणी, भुकेपोटी खाल्लेले कच्चे गाजर. मुलगी परत मिळाल्यावर लक्षाधीश बाप दहा हजार डॉलर्स देऊ करतो, तेव्हा नायक फक्त खर्च झालेले एकोणचाळीस डॉलर आणि साठ सेंट मागतो. आणि ती प्रसिद्ध घोंगडी! एका खोलीत दोन खाटांच्या मध्ये दोरीवर टाकलेली, जेरिकोची भिंत म्हणून मिरवणारी. गिरण्यांच्या चाळीत ज्यांचे संसार दहा बाय दहाच्या खोलीत लुगड्याच्या किंवा चादरीच्या आडोशाने चालले, त्यांना हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. चादरीच्या गावाला तर नाहीच नाही.

याच जिल्ह्याने २०१६ मध्ये या चित्रप्रकाराला आपले उत्तर दिले. जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा 'सैराट' करमाळ्याच्या परिसरात चित्रित झाला. नायिका रिंकू राजगुरू अकलूजची. त्याच्या पूर्वार्धात प्रेमविनोदाची सगळी सामग्री आहे: चिठ्ठ्या, मित्रांची फजिती, बुलेटवरून आणि ट्रॅक्टरवरून येणारी पाटलाची धिटुकली लेक, तिच्यापुढे बुजणारा मासेमाराचा मुलगा. संगीतासाठी सिम्फनी वाद्यवृंदही थेट हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित केलेला. पण त्या हसण्यातच एक थप्पड आहे. वर्गात पाटलाचा पोरगा दलित प्राध्यापकाच्या कानाखाली वाजवतो. विसरू नका, असे तेव्हाच बजावले जाते. पुढे ती दोघे हैदराबाद गाठतात. ज्या तेलुगू मुलखातून विणकर सोलापुरात आले, त्याच मुलखात आर्चीला भाषा येत नाही म्हणून हात चोळत बसावे लागते. २०१८ च्या 'धडक'ने ही कथा उदयपूरला नेऊन जात जवळजवळ पुसली, आणि उरला तो दोन देखण्या मुलांचा सपाट प्रवास.

'इट हॅपन्ड वन नाइट'च्या शेवटी वधूला बोहल्याकडे नेणारा बाप तिच्या कानात सांगतो की मोटार तयार आहे, पळून जा. 'सैराट'च्या शेवटी माहेरची माणसे आहेर घेऊन दारात येतात, लेक त्यांच्यासाठी चहा ठेवते. दोन्ही चित्रपट आम्ही पुन्हा पाहिले आहेत. काप्राच्या बापाचे कुजबुजणे ऐकून आम्हांला आताही हसू येते. मात्र ती मोटार फाटकाबाहेर पडून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही ते रोखून धरतो.