धावपट्टी, फियाट आणि ब्रेक ऑइल

चिकलठाणा विमानतळाची भिंत आमच्या मुकुंदवाडीपासून हाकेच्या अंतरावर. गॅरेजवर येणारं प्रत्येक पोरगं कधी ना कधी तिकडं हात करून म्हणतंच, "काका, विमान नसतंय तेव्हा या पट्टीवर एकदा गाडी सोडायला मिळाली पाहिजे राव." ते गमतीत म्हणतात. मी मात्र त्यांना बसवून घेतो, चहा सांगतो आणि शोलावरमची गोष्ट सुरू करतो. कारण आपल्या देशातली मोटारशर्यत अशाच पट्ट्यांवर मोठी झाली.

दुसऱ्या महायुद्धात मद्रासच्या उत्तरेला शोलावरम इथं लढाऊ विमानांसाठी धावपट्टी झाली. युद्ध संपलं, विमानं गेली, डांबर उरलं. १९५०च्या दशकात मद्रासच्या हौशी मंडळींनी तिथं शर्यती सुरू केल्या आणि पुढं कित्येक वर्षं मोटारशर्यत म्हटलं की शोलावरम, असंच चाललं. कलकत्त्याच्या लोकांनी बराकपूरची पट्टी धरली होती. हे आपलंच दारिद्र्य होतं असं मात्र समजू नका. इंग्लंडातलं सिल्व्हरस्टोन हाही युद्धातला विमानतळच. १९४८ साली तिथं शर्यती सुरू झाल्या आणि १९५० साली जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत तिथंच झाली. शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेले मार्गही जगात आधीपासून होते. जर्मनीतला न्युर्बुर्गरिंग १९२७ साली खुला झाला आणि तिथं सामान्य माणूसही पैसे भरून आपली घरची गाडी फिरवू शकत होता. आजची पोरं ज्याला 'ट्रॅक डे' म्हणतात, ती चाल तेव्हापासूनची.

पण धावपट्टी ही गाडीसाठी मोठी वाईट परीक्षा. विमानाला वळायचं नसतं, म्हणून ती सरळ आणि लांब. तिचा शर्यतीचा मार्ग करायचा म्हणजे सरळ पट्ट्याच्या शेवटी एकदम वळण येणार. गाडी जेवढा वेग घेईल तेवढा सगळा वळणाच्या तोंडाशी टाकावा लागणार. वेग दुप्पट झाला की ब्रेकला जिरवायची ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी उष्णता होऊन ब्रेकमध्येच उतरते. हे एवढं ध्यानात ठेवलं तर पुढची सगळी गोष्ट त्यातच आहे.

आता गाडी कोणती? इथं आपला इतिहास युरोपापासून वेगळा होतो. तिकडं शर्यतीची गाडी वेगळी बनत होती, इकडं ती मिळतच नव्हती. जनरल मोटर्सनं मुंबईला शिवडीत १९२८ साली गाड्या जुळवायला सुरुवात केली होती. स्वातंत्र्यानंतर सरकारनं सांगितलं की नुसतं जुळवू नका, इथं बनवा, आणि १९५४ साली त्यांनी गाशा गुंडाळला. आयात जवळजवळ बंद झाली. उरल्या तीन: कलकत्त्याची अँबेसेडर, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईची फियाट. फियाट बनायची कुर्ल्याला, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीत. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, मग गाडी घरी यायची. हौशी माणूस तीच शर्यतीला न्यायचा. सोमवारी तिच्यातूनच कचेरीत जायचं असायचं. परदेशातून खरी शर्यतीची गाडी आणणारे होते, नाही असं नाही. विजय मल्ल्यांनी १९८०च्या दशकात शोलावरमला एन्साइन बनावटीची फॉर्म्युला वन गाडी पळवली. पण ते शौक वेगळे. बाकीच्यांच्या हाती रस्त्यावरची गाडी आणि ओळखीचा मिस्त्री.

तो मिस्त्री म्हणजे कोण, हे मला माझ्या उस्तादांमुळं माहीत. मुंबईत ऑपेरा हाउसकडच्या एका गॅरेजात ते शिकले आणि मग इकडं आले. मी त्यांच्याकडं पाना द्यायला लागलो तेव्हा ते म्हातारे होते, पण फियाटचा आवाज ऐकून कोणता टॅपेट सैल आहे ते सांगायचे. शर्यतीसाठी फियाट कशी करायची हे त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं की आजही पाठ आहे. १०८९ सीसीचं इंजिन. हेड उतरवायचं, लेथवाल्याकडून फेसिंग मारून घ्यायचं, म्हणजे कॉम्प्रेशन वाढतं. पोर्ट आतून घासून गुळगुळीत करायचे. कार्बोरेटरचा जेट मोठा. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर खाली फरशीवर आणायचा, कारण त्या दांडीला तीन सांधे आणि घाईत चौथ्याऐवजी दुसरा पडायची भीती. मागची सीट, बंपर, पायपुसणी, स्टेपनी, जॅक, सगळं बाहेर. मागच्या काचेऐवजी कुणी कुणी अ‍ॅक्रिलिक बसवायचे. गाडी हलकी झाली की इंजिन न छेडताही पळते, असं उस्ताद म्हणायचे, आणि गिऱ्हाइकाला हे पटायचं नाही. त्याला जेट मोठा हवा असायचा.

फियाटला चारी चाकांना ड्रम ब्रेक. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो, मग पेडल खाली खाली जायला लागतं. रस्त्यावर हे घाटातच कळतं. धावपट्टीवर थोड्याच वेळात. उस्ताद चाकांच्या चकचकीत वाट्या आधी काढून फेकायचे, म्हणजे ड्रमला वारा लागतो आणि वळणावर वाटी उडून कुणाच्या डोक्यात बसत नाही. पेडल मारून पाहायचे, शू घासून पुन्हा बसवायचे, पुन्हा मारायचे. गिऱ्हाईक इंजिनाकडं बघत उभं असायचं आणि ते चाकापाशी उकिडवे बसून म्हणायचे, "पहले रुकना सिखाओ इसको, भागना तो इसको आता है." त्यांची ती दखनी अजून कानात आहे.

औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, शर्यतीचा मार्ग कधी झाला नाही. पण हातांची कमी कधीच नव्हती. चिकलठाणा एमआयडीसी मुकुंदवाडीच्या उशाशी. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि सुटे भाग करणाऱ्यांची रांग लागली. पुढं चिकलठाण्यातच इंडो-जर्मन टूल रूम आलं. एखादी बुशिंग किंवा ब्रॅकेट लागलं तर संध्याकाळपर्यंत घडवून देणारा माणूस दोन गल्ल्यांच्या आत सापडतो. कोल्हापूरला हे आणखी जुनं. म्हादबा मिस्त्री आणि वाय. पी. पोवार यांच्यापासून तिथं इंजिन घडवायची परंपरा, आणि आज तिथं मोहिते मंडळींचा कार्टिंगचा ट्रॅकही आहे. मला कोल्हापूरकरांचा हेवा वाटतो. लेथपासून ट्रॅकपर्यंत त्यांचं सगळं एका गावात.

मारुती १९८३ च्या डिसेंबरात आली आणि खेळ बदलला. ७९६ सीसीचं एवढंसं इंजिन, पण गाडीच इतकी हलकी की फियाटवाल्यांना तोंडात बोट घालावं लागलं. कोइमतूरच्या करिवर्धन यांनी ते इंजिन उचलून एका माणसाची उघड्या चाकांची गाडी बांधली, फॉर्म्युला मारुती. नारायण कार्तिकेयन, म्हणजे २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, याच गाड्यांवर तयार झाला. बाजारातल्या गाडीचं इंजिन घेऊन शर्यतीची गाडी करायची हे आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवलं नाही, अडचणीनं शिकवलं. १९९० साली मद्रासजवळ इरुंगट्टुकोट्टईला खरा शर्यतीचा मार्ग झाला, १२ वळणांचा, आणि धावपट्ट्या मागं पडल्या. करिवर्धन १९९५ साली गेले. २००३ साली कोइमतूरजवळ झालेल्या २.१ किलोमीटरच्या मार्गाला त्यांचंच नाव आहे. १९९३ची झेन आली, मग एस्टीम, मग होंडा सिटी. शर्यतीत उतरणाऱ्या सगळ्याच रस्त्यावरच्या.

नव्या शतकात तर पोरांना हवी ती गाडी आमच्या दारातूनच जायला लागली. शेंद्र्याला २००१ साली स्कोडा आली. जालना रोडनं ट्रेलर निघायचे, त्यावर ऑक्टाव्हिया बांधलेल्या. २००४ साली तिचीच आरएस आली, १.८ लिटर, टर्बो, १५० अश्वशक्ती. हातात पैसा असलेल्या मराठी माणसाला शोरूममधून टर्बो पेट्रोल गाडी घेऊन सरळ पळवता यावी, असं पहिल्यांदाच झालं. गंमत बघा, शेवटच्या काळातली २०२०ची आरएस २४५ पूर्ण बनूनच परदेशातून आली, फक्त २०० नग. पहिली शेंद्र्याची, शेवटची बोटीनं.

मग चाकणची फोक्सवॅगन. २०१० साली त्यांनी पोलो कप सुरू केला तो चक्क डिझेल गाड्यांचा, १.६ लिटर, १३० अश्वशक्ती. सगळ्यांच्या गाड्या सारख्या, फरक फक्त हातापायांत. त्यानंतर पोलो म्हणजे हौशी पोरांचं दैवत झालं. २०२२ साली तिचं उत्पादन थांबलं तरी माझ्याकडं ट्रॅकसाठी तयार करायला येणाऱ्या गाड्यांत अजून तीच जास्त.

या हिवाळ्यात असंच एक पोरगं पोलो घेऊन आलं, शेंद्र्यातल्या एका कारखान्यात नोकरीला. कोइमतूरला जाणार, पहिलाच ट्रॅक डे. त्याची यादी फोनमध्ये तयार: नवा एअर फिल्टर, सायलेन्सर काढून मोकळा पाइप, इंजिनाचा संगणक नव्यानं लिहून घ्यायचा. मी म्हटलं, "बाबा, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?" तो गप्प. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट-४ नवं असताना कमीत कमी २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेलं असलं की १५५ अंशांनाच उकळू शकतं. उकळलं की वाफ, आणि वाफ दाबली जाते, मग पेडल स्पंजासारखं होऊन पार खाली. फियाटचा ड्रम फुगायचा, पोलोचं तेल उकळतं. वळणाच्या तोंडाशी माणसाची गत तीच.

म्हणून आधी तेल पूर्ण काढलं, नवं भरून चारी चाकांची हवा काढली. पॅड पाहिले, निम्मे झिजलेले, ते बदलले. चाकांचे बोल्ट (या गाडीला नट नसतात) टॉर्क पान्यानं १२० न्यूटन-मीटरला आवळले आणि त्याला बजावलं की प्रत्येक फेरीनंतर चाक गार झालं की पुन्हा तपासायचे. इंजिन ऑइल बदललं, बॅटरीचा क्लॅम्प हलवून पाहिला, खाली पडून गळती शोधली. टायरांच्या तारखा वाचल्या. ट्रॅकवर हवा गरम होऊन चार-सहा पौंड चढते, म्हणून सकाळी गार असताना थोडी कमी ठेवायची. डिकीतली छत्री, पाण्याच्या बाटल्या, आईनं ठेवलेली नारळाची पिशवी, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं उतरवायचं. सुटी वस्तू वळणावर पायाखाली गेली की ब्रेकचं पेडल तिच्यावर अडतं. गणपतीला तो कुरकुरला. मी म्हटलं, खिशात ठेव.

सायलेन्सर मी काढला नाही. परत येताना सोलापूर, बीड ओलांडून शेकडो किलोमीटर तो आवाज ऐकत कोण येणार?

विम्याचं मात्र त्याला आधीच वाचून दाखवलं. आपल्या पॉलिसीत लिहिलेलं असतं की आयोजित शर्यत, वेगाची चाचणी आणि गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी यांत काही झालं तर भरपाई नाही. टिकाऊपणाच्या चाचण्या आता कोण घेतो? त्या मोटारी नव्या असतानाच्या, जेव्हा गाडी मुक्कामाला पोचते का हेच पाहायचं असायचं; १९०४ सालच्या अखेरीस दिल्लीहून मुंबईपर्यंत अशी एक झाली होती. चाचण्या गेल्या, काळ गेला, कलम तसंच राहिलं. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च आपला, एवढं त्याला नीट कळेपर्यंत मी चावी दिली नाही.

आणि इथून जाणाऱ्याला एक अडचण जास्तीची. मद्रासचा, कोइमतूरचा माणूस गाडी ट्रॅकवर दमवतो आणि संध्याकाळी घरी जातो. आमच्या पोराला तीच गाडी, तेच ब्रेक घेऊन हजारावर किलोमीटर परत यायचं असतं. शर्यतीचे जहाल पॅड बसवले तर ते थंड असताना पकडत नाहीत. पहाटे सोलापूर रस्त्यावर ट्रॅक्टर आडवा आला तर काय? म्हणून मी त्याला रस्त्याचेच चांगले पॅड घालून दिले आणि जुने डिकीत टाकले, नवे संपले तर परतीला चालतील म्हणून. सांगितलं, शेवटची फेरी ब्रेक न वापरता हळू मार, वारा खाऊ दे त्यांना. आणि थांबल्यावर हँडब्रेक ओढू नको, तापलेले ब्रेक चिकटून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेव आणि चाकाखाली दगड लाव.

"दगड?" तो म्हणाला. "काका, तिथं सगळे बघतील."

मी कोपऱ्यातली लाकडाची ओंडकी काढून त्याच्या डिकीत टाकली. गाडीखाली शिरून काम करताना उस्ताद तीच चाकाला लावायचे.