फर्नांडिस आणि केशवसुत

आमच्या मालगुंडला कवी कृष्णाजी केशव दामले जन्मले, 1866 साली. त्यांनी नाव घेतलं केशवसुत, म्हणजे केशवाचा मुलगा. 'फर्नांडिस' हे आडनावही नेमकं असंच घडलंय. पोर्तुगीजमधला शेवटचा 'इश' म्हणजे अमक्याचा मुलगा: फर्नांदोचा फर्नांडिस, रोद्रिगोचा रॉड्रिग्ज. परेरा हे नासपतीच्या झाडावरून आलं, कार्व्हालो ओकच्या झाडावरून. दिब्रिटो म्हणजे ब्रिटो गावचा. आपल्याकडे गावावरून मालगुंडकर होतो, तसाच.

ही नावं आपल्या किनाऱ्यावर आली ती बाप्तिस्म्याबरोबर. 1534 साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. धर्मांतर करणाऱ्याला बहुधा धर्मपित्याचं किंवा पाद्रीबाबाचं आडनाव मिळे. त्यामुळे आडनाव पोर्तुगीज असलं म्हणून रक्त पोर्तुगीज ठरत नाही. 1739 साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. राज्य गेलं, आडनावं राहिली. घरात बोली मात्र सामवेदी नि वाडवळीच राहिल्या.

त्याच वसईतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला 2013 साली साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या निवडीला ते ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून विरोध झाला, याचं मला आजही वाईट वाटतं. मी शाळेत मराठी शिकवलं. मुलांना मी ठासून सांगे: दामले, दिब्रिटो, फर्नांडिस, कार्व्हालो ही सगळी मराठी माणसांची आडनावं आहेत. हजेरीपटावर ती तितक्याच आपुलकीनं वाचली गेली पाहिजेत.